घड्याळांच्या बखरी



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले जाते, ते आम्हांला इतिहास शिकवीत. सभासदाच्या बखरीचा तास मला अजून आठवतो. कृष्णाजी अनंत सभासदाने छत्रपती राजारामांच्या आज्ञेवरून जिंजीस, १६९७ च्या सुमारास, शिवचरित्र लिहिले, एवढे सांगून ते थांबले आणि म्हणाले, "लिहिणारा कोण हे समजले. लिहवून घेणारा कोण हेही समजले. आता या दोघांनाही जे लिहावेसे वाटले नसेल, ते कोठे शोधायचे?" वर्गात कोणासच उत्तर आले नाही. गुरुजींनीही ते दिले नाही. तास संपल्याची घंटा झाली आणि ते खडूचे हात झटकीत निघून गेले.

त्या प्रश्नाची आठवण होण्याचे निमित्त काहीसे विचित्र आहे. दोन वर्षांपूर्वी या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने आपला ग्रंथसंग्रह शाळेला दिला. आयुष्यभर त्याने घड्याळांचा व्यापार केला. आपले नाव कोठे छापू नये एवढीच त्याची अट होती. पेटीत सुमारे वीस पुस्तके निघाली. सगळी इंग्रजी, सगळी उंची मनगटी घड्याळांविषयी आणि ती घडविणाऱ्या नामांकित घराण्यांविषयी. एकेक ग्रंथ असा की मांडीवर घेऊन वाचला तर मांडी भरून यावी. ग्रंथपालबाईंनी मला विचारले, "सर, ही कोणत्या कपाटात लावू? विज्ञान, व्यापार की कला?" वाचून सांगतो म्हणालो. मराठीच्या प्राध्यापकाला घड्याळातले काय कळते, असे आपणांस वाटेल आणि ते रास्तही आहे. परंतु वाचनाला एक वर्ष गेले आणि शेवटी मी बाईंना सांगितले की, ही इतिहासाच्या कपाटात लावा, बखरींच्या शेजारी.

हे मी थट्टेने म्हटलेले नाही. त्या पेटीतला एक भव्य ग्रंथ जिनेव्हाच्या पाटेक फिलिप या घराण्याचा आहे. निकोलस फोक्स या इंग्रज लेखकाचा हा ग्रंथ २०१६ साली निघाला आणि त्याच्या मुखपृष्ठावरच 'अधिकृत चरित्र' असे छापले आहे. मला हा प्रामाणिकपणा आवडला. याच लेखकाने २०२४ साली रोलेक्सच्या सबमरीनर या घड्याळाविषयी लिहिले, आणि तेही कंपनीच्या संमतीने. सभासदास एकच स्वामी होता. आजच्या बखरकाराला दोन घराण्यांची लेखणी एकाच वेळी धरता येते. म्हणून हे ग्रंथ खोटे ठरतात असे मात्र नाही. फोक्स उत्तम लिहितात आणि कंपनीचे दप्तर त्यांच्यासाठी उघडलेले असल्यामुळे त्यांस जे पाहावयास मिळाले ते इतरांस मिळत नाही. सभासदाची बखर टाकून कोणाला शिवचरित्र लिहिता येईल? बखर टाकायची नसते. ती कोठे बोलते आणि कोठे गप्प बसते, हे ओळखून वाचायची असते.

पाटेक घराण्याचीच कथा घ्या. अंतोनी पाटेक हा पोलंडचा घोडदळातला तरुण अधिकारी. रशियाविरुद्धचा १८३०-३१ चा उठाव फसल्यावर तो परागंदा झाला आणि फिरत फिरत जिनेव्हास आला. १८३९ साली त्याने फ्रान्चिशेक चापेक या कारागिराबरोबर भागीदारी केली. पुढे १८४४ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला आद्रियाँ फिलिप भेटला. वेगळी किल्ली न लावता, घड्याळाच्या डोक्यावरच्या बोंडानेच ज्याला चावी देता येईल असे घड्याळ या फ्रेंच माणसाने केले होते. १८५१ पासून दोघांची नावे जोडली गेली. १९३२ साली मंदीच्या दिवसांत हे घराणे श्टेर्न बंधूंनी घेतले, आणि हे श्टेर्न म्हणजे त्यांना तबकड्या पुरविणारे कारखानदार! तबकडीवाल्याने घराणे वाचविले, ही गोष्ट मला राजेरजवाड्यांच्या यादीपेक्षा अधिक मोलाची वाटते. फिलिपने १८६३ साली किल्लीविना चालणाऱ्या घड्याळांवर स्वतःच एक पुस्तक लिहिले होते. म्हणजे या प्रकारच्या वाङ्मयाचा आरंभ कारागिराच्या हातून झाला. गौरवग्रंथांचे युग नंतर आले.

बखरींचे एक लक्षण असे की 'पहिला' कोण यावरून त्यांच्यात तंटा असतो. मनगटी घड्याळांतही तो आहे. पाटेक फिलिप सांगते की १८६८ साली आम्ही हंगेरीच्या एका उमराव स्त्रीसाठी मनगटावर बांधायचे घड्याळ केले. ब्रेगे घराणे म्हणते, नेपल्सच्या राणीने १८१० सालीच आमच्याकडे ते मागविले होते. इंग्रज अभ्यासक त्याही मागे जाऊन पहिल्या एलिझाबेथ राणीला तिच्या मर्जीतल्या सरदाराने भेट दिलेल्या, बाहूवर बांधायच्या घड्याळाकडे बोट दाखवितात. तिन्ही दाव्यांत घड्याळ स्त्रीच्या हाती आहे, इकडे माझे लक्ष गेले. पहिल्या महायुद्धापर्यंत मनगटी घड्याळ हा बायकांचा अलंकार मानला जाई आणि पुरुष खिशात साखळीचे घड्याळ बाळगी. खंदकात एका हाताने बंदूक सांभाळणाऱ्या शिपायाला खिसा चाचपणे जमेना, तेव्हा हा अलंकार पुरुषांनी घेतला. त्यानंतरच्या ग्रंथांतून मात्र मनगटी घड्याळ म्हणजे वैमानिक, पाणबुडे, मोटारींच्या शर्यतीतले वीर आणि गिर्यारोहक. स्त्रिया एकदम नाहीशा होतात.

त्यांतल्या एकीविषयी मी थोडे सविस्तर सांगणार आहे, कारण बखर कशी वाचावी याचा धडा मला तिच्या कथेत मिळाला. हान्स विल्सडॉर्फ हा बव्हेरियातला पोरका मुलगा लंडनला आला, त्याने १९०५ साली घड्याळांची पेढी काढली आणि १९०८ साली 'रोलेक्स' हे नाव नोंदविले. १९२६ साली त्याने पाणी न शिरणारे 'ऑयस्टर' घड्याळ बाजारात आणले. चावीच्या बोंडाला आटे पाडून ते घट्ट बसविण्याची युक्ती पेरगो आणि पेरे या दोन स्विस माणसांची होती. विल्सडॉर्फने त्यांचे पेटंट विकत घेतले. ही दोन नावे ग्रंथात असतात, पण बारीक अक्षरात. मोठ्या अक्षरात असते ते मर्सिडीज ग्लाइट्झ हिचे नाव. १९२७ साली हिने ऑयस्टर घालून इंग्लिश खाडी पोहून पार केली, दहा तासांहून अधिक काळ पाण्यात राहूनही घड्याळ बिनचूक चालले, असा मजकूर मी एकाहून अधिक ठिकाणी वाचला.

आता हाच मजकूर त्या काळच्या वर्तमानपत्रांच्या शेजारी ठेवून पाहा. मर्सिडीज ही लंडनमधली लघुलेखक-टंकलेखिका. सात वेळा अपयश घेऊन ७ ऑक्टोबर १९२७ रोजी आठव्या प्रयत्नात तिने खाडी पार केली. खाडी पोहून जाणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. तिला लागलेला वेळ होता १५ तास १५ मिनिटे. चारच दिवसांनी दुसऱ्या एका बाईने आपण तेरा तासांत खाडी ओलांडल्याचे जाहीर केले, आणि मग ती लबाडी होती अशी स्वतःच कबुली दिली. हेतू असा की अशा पराक्रमांवर नीट देखरेख नसते हे जगाला दिसावे. परिणाम असा झाला की निरपराध मर्सिडीजच्या पराक्रमावरही लोक शंका घेऊ लागले. तेव्हा ही मुलगी २१ ऑक्टोबरला पुन्हा पाण्यात उतरली. ऋतू उलटला होता, पाणी असह्य थंड होते. विल्सडॉर्फने ऑयस्टर दिले ते या वेळी, आणि ते तिच्या गळ्यात अडकविलेले होते. दहा तासांहून काही अधिक वेळ झुंजल्यावर ती गुंगीत गेली आणि तिला नावेत ओढून घ्यावे लागले. खाडी या खेपेस पार झाली नाही. तथापि तिची जिद्द पाहून कोणाच्याही मनात शंका उरली नाही. घड्याळ मात्र चालू होते. २४ नोव्हेंबरच्या 'डेली मेल'च्या पहिल्या पानभर त्याची जाहिरात झळकली.

पाहा, बखरीतला 'दहा तास' हा आकडा किती बोलका आहे! पार केलेल्या खाडीला पंधरा तास लागले होते. दहा तासांची ती न पार झालेली. दोन दिवसांची एक कथा केली गेली, परंतु आकडा बदलायचे राहून गेले. सांध्यातली ही फट दिसली तेव्हा मला गुरुजींची आठवण झाली. मर्सिडीजचे पुढे काय झाले? पोहण्यातून मिळालेल्या पैशातून तिने लेस्टर येथे निराधारांसाठी घरे उभारली. हे घड्याळांच्या ग्रंथांत मला आढळले नाही. तिच्या मुलीने, डोलोरांडा पेंबर यांनी, २०१९ साली आईचे चरित्र प्रसिद्ध केले, त्यात ते आहे. हे पुस्तक पेटीत नव्हते. मी ते मागविले आणि आता शाळेच्या कपाटात रोलेक्सच्या ग्रंथाला टेकून ठेवले आहे.

दुसऱ्याच्या बखरीतल्या फटी दाखविताना मला थोडा संकोच वाटतो, आणि त्याचे कारण आज या व्यासपीठावरून सांगितले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेचा सुवर्णमहोत्सवी ग्रंथ मी लिहिला. ती संस्था ही नव्हे. संस्थेची जुनी इतिवृत्ते मला पाहावयास दिली होती. एका वहीत नोंद होती की, आरंभीच्या काळात सात महिने शिक्षकांना वेतन मिळाले नाही, तिघांनी लेखी तक्रार केली आणि तिघांनाही निरोप देण्यात आला. मी ते प्रकरण दीड पानात लिहिले. मुद्रिते परत आली तेव्हा त्या दीड पानावर शिसपेन्सिलीची एक तिरपी रेघ होती. शब्द एकही नव्हता. मी भांडलो नाही. दीड पान गेले. प्रकाशनाच्या दिवशी त्या तिघांपैकी एक वृद्ध शिक्षक आले होते. ग्रंथ हाती घेऊन त्यांनी प्रथम शेवटची सूची उघडली, तिच्यावरून बोट फिरविले, आणि ग्रंथ मिटून मला म्हणाले, "छपाई सुरेख झाली आहे हो." मला त्या ग्रंथाचे मानधन मिळाले होते. असो.

तेव्हा घड्याळांच्या ग्रंथांतले मौन मी थोड्या जाणतेपणाने वाचतो. त्यांतले सर्वांत मोठे मौन १९७० नंतरच्या पंधरा वर्षांविषयीचे आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने टोकियोत 'अ‍ॅस्ट्रॉन' हे घड्याळ विकावयास काढले. आपण ज्याला सेलचे घड्याळ म्हणतो त्याचा हा मूळपुरुष. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे लहानशा मोटारीएवढी. सेलच्या विजेने स्फटिकाचा तुकडा कंप पावतो, त्या कंपांची मोजदाद होऊन काटे पुढे सरकतात. आजच्या साध्या घड्याळात हे कंप सेकंदास ३२,७६८ असतात. अचूकतेच्या बाबतीत स्प्रिंगचे कोणतेही उंची घड्याळ याच्यापुढे उभे राहू शकत नाही. पुढे ते स्वस्तही झाले. स्वित्झर्लंडच्या घड्याळ-उद्योगात १९७० साली सुमारे ९०,००० माणसे कामाला होती; ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती तीस हजारांच्या घरात आली. जुरा पर्वताच्या खोऱ्यातली गावेच्या गावे रिकामी झाली. गौरवग्रंथांत ही पंधरा वर्षे एखाद्या परिच्छेदात उरकलेली असतात: वादळ आले, घराणे डगमगले नाही, परंपरा टिकली.

डेव्हिड लँडेस या हार्वर्डच्या अर्थेतिहासकाराचा ग्रंथ याला मोठा अपवाद. १९८३ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ चीनच्या जलघटीपासून निघून जपानच्या स्फटिकापर्यंत येतो आणि इंग्लंड, अमेरिका, स्वित्झर्लंड यांची प्रभुत्वे एकामागून एक का ढासळली याचा हिशेब मांडतो. लँडेस स्वतः घड्याळांचे शौकीन होते, पण कोणाचे आश्रित नव्हते. पेटीतले एकच पुस्तक वाचण्यास वेळ असेल तर हे वाचा, असे मी माजी विद्यार्थ्यांना सांगेन. स्विसांना स्फटिकाचे तंत्र ठाऊक नव्हते हा समज चुकीचा आहे. न्यूशातेलच्या प्रयोगशाळेत त्यांनी १९६७ सालीच अशा मनगटी घड्याळाचे नमुने चालवून दाखविले होते. विद्या होती, जे हाती आहे तेच पुरेल असे वाटत राहिले. आपल्याकडच्या जुन्या पेढ्यांच्या वारसांना ही मनःस्थिती परिचयाची असेल.

१९८३ हे साल या इतिहासात मोठे गमतीचे आहे. लँडेसचा ग्रंथ त्या साली निघाला. एक्कावन्न भागांचे, प्लास्टिकचे, स्वस्त 'स्वॉच' घड्याळ त्याच साली बाजारात आले आणि त्याने स्विस उद्योगाला पुन्हा उभे केले. आणि त्याच सुमारास झाँ-क्लोद बिवेर आणि जाक पिगे या दोघांनी ब्लांपाँ हे बंद पडलेले नाव नव्याने चालते केले. नाव अगदी किरकोळ रकमेला विकत घेतले होते. त्यांनी घोषणा केली की १७३५ पासून ब्लांपाँने सेलचे घड्याळ केलेले नाही आणि पुढेही करणार नाही. वाक्य खरे आहे, कारण सेलच्या घड्याळांचा काळ भरात असताना ते नाव निद्रिस्तच होते! दहाएक वर्षांत हेच नाव कोट्यवधी फ्रँकना विकले गेले. राज्य मिळाल्यावर वंशावळ शोधविण्याची रीत आपल्या इतिहासात नवी नाही. येथे वंशावळ आधी विकत घेतली आणि राज्य नंतर आले. बिवेर यांच्या कल्पकतेला मात्र दाद दिली पाहिजे. वेळ दाखविण्यात हरलेले यंत्र कलाकुसर म्हणून विकता येते, हे त्यांनी इतरांच्या आधी ओळखले, आणि पेटीतल्या ग्रंथांचा पूर यानंतरचा आहे. गरज संपली आणि ग्रंथ वाढले.

या काळातला माझा नायक मात्र कोणी कंपनीवाला नव्हे. ल लोक्ल गावच्या झेनिथ कारखान्याने १९६९ साली 'एल प्रिमेरो' नावाचे, आपोआप चावी बसणारे आणि शर्यतीतला वेळ मोजणारे यंत्र केले होते. तासाला ३६,००० ठोके देणारे हे यंत्र म्हणजे त्या विद्येची पराकाष्ठा. पुढे कारखाना एका अमेरिकन कंपनीकडे गेला. १९७५ साली हुकूम आला की स्प्रिंगच्या घड्याळांची अवजारे मोडीत काढा. शार्ल वेर्मो या कारागिराने वरिष्ठांना पत्र लिहून विरोध केला. उत्तर काही आले नाही. मग तो कामाची वेळ संपल्यावर दाबयंत्रांचे साचे, हत्यारे आणि नकाशे एकेक करून कारखान्याच्या माळ्यावर नेऊन लपवू लागला, आणि कोणती वस्तू कोठे आहे, कोणत्या क्रमाने वापरायची, हे त्याने वहीत लिहून ठेवले. ऐंशीच्या दशकात स्प्रिंगच्या घड्याळांना पुन्हा मागणी आली तेव्हा त्या वहीवरून काम सुरू झाले. खुद्द रोलेक्सने १९८८ पासून आपल्या डेटोना घड्याळासाठी हे यंत्र घेतले. आज झेनिथच्या ग्रंथांत वेर्मोला मानाचे पान आहे. हुकूम देणारे कोण होते, याविषयी तेथे फारसे लिहिलेले नाही.

कारागिरांचा उल्लेख घड्याळांच्या ग्रंथांबाहेर अधिक सापडतो, हे मला वाचता वाचता कळत गेले. जिनेव्हाचा रूसो हा घड्याळजीचा मुलगा. १७५५ साली छापलेल्या विषमतेवरील निबंधाच्या अर्पणपत्रिकेत त्याने वडिलांचे चित्र काढले आहे: पुढ्यात कामाची हत्यारे आणि त्यांतच मिसळलेले टॅसिटस, प्लूटार्क यांचे ग्रंथ. मार्क्सने 'भांडवला'च्या पहिल्या खंडात श्रमविभागणी समजावून देताना घड्याळाचा एकेक भाग करणाऱ्या कारागिरांची लांबलचक यादी दिली आहे, आणि ला शो-द-फाँ हे अवघे गाव म्हणजे एक कारखाना आहे असे निरीक्षण नोंदविले आहे. १८७२ साली रशियाचा सरदारपुत्र क्रोपोट्किन याच जुरा भागात घड्याळजींबरोबर काही दिवस राहिला. आपापल्या घरी, खिडकीशी बसून काम करणारी, कोणाचे पुढारीपण न मानणारी ही माणसे पाहून आपली राजकीय मते पक्की झाली, असे त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे. ज्या खिडक्यांतून आजच्या धनिकांचे घड्याळ जन्माला आले, त्या खिडक्यांत अराजकवादही वाढला! २००९ साली ही दोन्ही गावे, ला शो-द-फाँ आणि ल लोक्ल, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली ती मुख्यतः त्यांच्या रचनेमुळे. रस्ते सरळ आणि समांतर, घरे एकमेकांची सावली टाळून उभी, जेणेकरून कामाच्या मेजावर उजेड पडावा.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. अंधारात काटे दिसावेत म्हणून तबकडीवर रेडियमचा लेप देत. अमेरिकेत हे काम करणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी बारीक करीत. जबड्याची हाडे कुजून त्यांतल्या अनेक मेल्या. न्यू जर्सीच्या पाच जणींचा दावा १९२८ साली तडजोडीने मिटला. स्वित्झर्लंडच्या जुरा भागात हेच काम बायका घरोघरी करीत आणि तेथे रेडियम १९६३ पर्यंत वापरात होते. २०१५ साली स्विस सरकारला अशी जुनी घरे शोधून स्वच्छ करण्याची योजना आखावी लागली. पानेराई या इटालियन घराण्याच्या एका उंची घड्याळाचे नाव 'रेडिओमीर' आहे. ते रेडियमच्या लेपावरूनच पडले. संग्राहकांच्या ग्रंथांत जुन्या तबकडीवरच्या त्या लेपाच्या पिवळसर छटेचे रसग्रहण असते. मी ते रसग्रहण दोनदा वाचले आणि मग पुस्तक दूर ठेवले.

आपल्या देशाचा या ग्रंथांतला उल्लेख बहुधा गिऱ्हाईक म्हणून येतो. फेवर ल्यूबा हे जुने स्विस घराणे एकोणिसाव्या शतकातच मुंबईत आले होते. आमच्या पिढीला ते नाव परके वाटतच नसे; इंदुरातल्या लग्नांत जावयाला फेवर ल्यूबा दिले की व्याही खूश. येगेर-लकूल्त्र या घराण्याचे 'रिव्हर्सो', म्हणजे तबकडी उलटी फिरवून पाठ वर करता येणारे घड्याळ, हे तर हिंदुस्थानातच सुचले असे सांगतात. १९३०-३१ च्या हिवाळ्यात सेझार द त्रे हा व्यापारी येथे आला असताना, पोलोच्या मैदानावर काच फुटलेले घड्याळ दाखवून एका इंग्रज अधिकाऱ्याने त्याला उपाय विचारला. मी वाचलेल्या एकाही पुस्तकात त्या अधिकाऱ्याचे नाव नाही. पॅरिसला ४ मार्च १९३१ रोजी पेटंटचा अर्ज मात्र झाला, आणि त्यावर अभियंता रने-आल्फ्रेद शोव्हो याचे नाव आहे. कथा लोकांना पोलोची आठवते. शोव्हो कोणाला ठाऊक नाही.

एचएमटीचा तीन किलोचा ग्रंथ पेटीत नव्हता. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळुरात सुरू झालेल्या त्या कारखान्याच्या घड्याळांवर दोन पिढ्यांनी गाड्या पकडल्या, परीक्षा दिल्या. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. पहिल्या पगारात घेतलेले 'जनता' माझ्या मनगटावर आजही आहे. रोज सकाळी चावी देतो, दिवसाकाठी दोन मिनिटे मागे पडते.

लिहवून घेणाऱ्यावाचून लिहिलेली पुस्तके नाहीत काय? आहेत, आणि ती बहुधा हौशी माणसांनी लिहिली आहेत. चंद्रावर गेलेल्या ओमेगा स्पीडमास्टरवर रोसिए आणि मार्किए या दोघा संग्राहकांनी २०१४ साली काढलेला ग्रंथ म्हणजे निव्वळ पडताळणी आहे: कोणत्या साली कोणता काटा, कोणता स्क्रू, कोणता पट्टा. वाचनीय म्हणता येणार नाही, विश्वसनीय म्हणता येईल. आणि जॉर्ज डॅनियल्स यांच्याविषयी तर स्वतंत्र व्याख्यान होईल. लंडनच्या गरिबीत वाढलेल्या या माणसाने घड्याळाचा प्रत्येक भाग स्वतःच्या हाताने करून पूर्ण घड्याळे घडविली, तेल कमी लागणारी नवी गतिनियंत्रक रचना शोधली, स्विस कंपन्यांचे उंबरठे वर्षानुवर्षे झिजविले, आणि १९९९ साली ओमेगाने ती स्वीकारली. १९८१ च्या 'वॉचमेकिंग' या ग्रंथात त्यांनी आपली विद्या जशीच्या तशी उघड करून ठेवली. गुरुपरंपरेत ही विद्या कुलुपात राहते. डॅनियल्सनी कुलूप काढले. ब्रेगेवरचा त्यांचा १९७५ चा ग्रंथ हा माझ्या मते या सगळ्या पेटीतला सर्वांत सुंदर ग्रंथ, कारण त्यातला लेखक जुन्या कारागिराशी बरोबरीच्या नात्याने बोलतो.

ब्रेगेचे नाव निघाले म्हणून गुरुजींच्या प्रश्नाकडे परत येतो. बखरीबाहेरचे कोठे शोधायचे? आपल्याकडे याचे उत्तर इतिहासाचार्य राजवाड्यांनी दिले. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढून त्यांनी पानिपतच्या काळची अस्सल पत्रे समोर ठेवली आणि बखरींना त्या पत्रांच्या कसोटीवर घासले. ब्रेगे घराण्याचे दैव असे की त्याची कीर्दखतावणी टिकली. वंशज एमान्युएल ब्रेगे यांनी १९९७ साली घराण्याचा इतिहास लिहिला तो या वह्यांच्या आधारे. तो घरच्याच माणसाचा इतिहास आहे हे मान्य, पण हाताशी वह्या आहेत.

नेपल्सची राणी म्हणजे नेपोलियनची बहीण कारोलिन म्युरा. तिने ८ जून १८१० रोजी मनगटावर बांधायचे घड्याळ मागविले. घड्याळ क्रमांक २६३९. लांबट आकार, ठोके देणारे, चंद्राच्या कला आणि उष्णतामापक असलेले. पट्टा केसांचा आणि सोन्याच्या तारेचा. काम १८१२ च्या डिसेंबरात पुरे झाले. १८४९ साली राणीची मुलगी, काउंटेस रास्पोनी, हिने ते दुरुस्तीला आणले. १८५५ साली ते पुन्हा एकदा आले. त्यानंतर त्याचा ठावठिकाणा नाही. घड्याळ कोणी पाहिलेले नाही, त्याचे चित्रही नाही. आहेत त्या केवळ नोंदी. आणि त्या नोंदींत राणी आहे, किंमत आहे, तशी आणखी एक गोष्ट आहे. हे घड्याळ घडविताना चौतीस निरनिराळी कामे झाली, आणि ती सतरा माणसांनी केली.